वहिनींच्या घोडीचा खर्च

माझी स्कूटर आणि वहिनींची स्कूटर एकाच कंपनीची होती. रंग वेगळा, पण आवाज तोच. वहिनी गेल्यानंतर मी पहिल्यांदा तबेल्यावर गेले, तेव्हा फाटकातून आत शिरता शिरताच त्यांच्या घोडीनं मान वर केली, दोन्ही कान पुढं टवकारले आणि घशातल्या घशात हलकंसं खिंकाळली. मी स्कूटर लावली, हेल्मेट काढलं. घोडीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिचे कान खाली आले आणि ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली. त्या दिवसापासून मी स्कूटर बाहेर रस्त्यावरच लावून आत चालत जायला लागले.

मी जनावरांची डॉक्टर. शिकले परभणीला. लग्नानंतर चंदीगडला आले, कारण नवरा इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनाला लागला होता. थोड्या वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहूनच गेलो. सेक्टर बावीसमध्ये एका औषधाच्या दुकानामागं माझा छोटा दवाखाना आहे. तिथं कुत्री-मांजरं येतात, कधी एखादा पोपट. घोड्यांकडे मात्र मलाच जावं लागतं. शहर संपून शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात तिथं काही तबेले आहेत. वहिनींची घोडी त्यातल्याच एकात होती.

वहिनी म्हणजे एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या बायको. माझा नवरा त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. माणसं मूळची साताऱ्याकडची. साहेबांची शेवटची नेमणूक इथल्याच छावणीत झाली. निवृत्तीनंतर गावी जायचं, जायचं म्हणत त्यांनी मनीमाजऱ्याच्या पलीकडे एक लहानसं घर घेतलं आणि गावी जायचा विषय बंद झाला. मूलबाळ नव्हतं. एका अधिकाऱ्याची बदली झाली, तेव्हा त्याची तांबूस घोडी वहिनींनी हौसेनं घेतली. त्या वेळी वहिनींची पन्नाशी उलटली होती. साहेब कधी घोड्यावर बसले नाहीत. "मी फौजेत होतो, घोड्यावर नव्हतो," म्हणायचे. वहिनी फिरून येईपर्यंत ते घडीची खुर्ची टाकून पेपर वाचत बसत, शेजारी चहाचा थर्मास.

वहिनी मला बघितलं की हाक मारायच्या. "ये गं डॉक्टर, बस जरा. दिवसभर हिंदी-पंजाबी बोलून जीभ दमते. तुझ्याशी तरी सरळ बोलू दे." मग घोडीच्या अंगावर ब्रश फिरवता फिरवता आमच्या गप्पा चालत. भरल्या वांग्यासाठी इथं बारीक वांगी कुठं मिळतात, इथपासून काहीही.

हिवाळ्यात आमच्याकडे लांब पल्ल्याच्या राइड होतात. एन्ड्युरन्स राइड म्हणतात त्यांना. गहू-मोहरीची शेतं, कोरड्या ओढ्यांची वाळू, टेकड्यांमधल्या पायवाटा असा दिवसभराचा रस्ता असतो. मधे थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर डॉक्टर घोडा तपासतात. नाडी उतरली का, अंगातलं पाणी कमी झालंय का, पोटात आवाज आहेत का, कुठल्या पायावर लंगडतोय का. जरा शंका आली तर घोडा बाद. आणि बाद झालेला घोडा आजारी असेल तर त्याला एका वेगळ्या तंबूत आणतात. तो तंबू माझा. तपासणारे डॉक्टर वेगळे, उपचार करणारी मी वेगळी.

तपासणीचे पैसे प्रवेश फीमध्येच धरलेले असत. उपचाराचे कुणी द्यायचे, याबद्दल नियमांत एकच ओळ होती की घोड्याची सगळी जबाबदारी मालकाची. ती ओळ सगळ्यांनी वाचली होती आणि कुणीही तिचा विचार केला नव्हता. बहुतेक वेळा किरकोळच काही असायचं. खोगीर घासून झालेली जखम, मुरगळलेला पाय. मी माझ्या पेटीतून औषध काढून लावायचे. नंतर कुणी पैसे पाठवी, कुणी मिठाईचा डबा. मीही कधी मागितले नाहीत.

वहिनींचं दुखणं पोटाचं निघालं. पावसाळ्यात कळलं आणि थंडी संपायच्या आत त्या गेल्या. त्यानंतर साहेब रोज सकाळी तबेल्यावर यायला लागले. गाजरं आणायचे. घोडी गाजरं खायची, पण खाताना तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, फाटकाकडे असायची. साहेबांनाही ते कळत होतं. एकदा मला म्हणाले, "माझ्यामागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं हो, ही बघते ना तिकडं तेव्हा. मी वळूनही बघतो."

वहिनींनी एका मुलीला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. इथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एका मराठी प्राध्यापकांची मुलगी. चंदीगडमध्येच जन्मली, वाढली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. मला मावशी म्हणायची, साहेबांना काका. एमएच्या शेवटच्या वर्षाला होती. वहिनी गेल्यावर घोडीला रोज फिरवून आणायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. पुढच्या हिवाळ्यात तिनं साहेबांना विचारलं, "काका, राइड में ले जाऊँ इसे? सबसे छोटे वाले में. आंटी हर साल जाती थीं."

साहेबांनी मला बोलावलं. मी घोडी तपासली, पळवून पाहिली. वय झालं होतं, पण अंगात दम होता. छोट्या अंतराला हरकत नाही, असं मी सांगितलं. साहेबांनी तिच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "जाऊ दे. हिचंही मन रमेल."

राइडच्या दिवशी सकाळी इतकं धुकं होतं की मैदानातले तंबू एकमेकांना दिसत नव्हते. घोडे धुक्यातून बाहेर यायचे आणि धुक्यातच जायचे, मधे फक्त टापांचा आवाज. पहिल्या थांब्यावर घोडी छान होती. तपासणाऱ्या डॉक्टरनं मला लांबून अंगठा दाखवला. ऊन पडलं, धुकं विरलं. साहेबांनी खुर्ची टाकली होती. पेपर मांडीवर होता, पण पान उलटत नव्हतं.

दुसऱ्या थांब्याला ती मुलगी चालत आली. उतरून, लगाम हातात धरून, घोडीला हळूहळू आणत होती. मला बघितल्यावर तिथूनच ओरडली, "मावशी, ये कुछ अजीब कर रही है. रास्ते में खड़ी हो गई. पेट की तरफ़ मुड़-मुड़ के देख रही है."

तपासणी होऊन घोडी माझ्याकडे आली. घोड्याच्या पोटाला स्टेथोस्कोपची नळी लावली की दूरवर कुठंतरी खडीवरून बैलगाडी जातेय असा आवाज यायला हवा. मी डाव्या बाजूला ऐकलं, उजव्या बाजूला ऐकलं. वर ऐकलं, खाली ऐकलं. काहीच नव्हतं. नाडी वाढलेली आणि उतरायला तयार नाही. हिरड्यांचा रंग काळपट. मी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, नाकातून नळी घालून पोटात साठलेलं पाणी काढलं. पाणी फार निघालं. ते चांगलं लक्षण नव्हे. आतड्याला पीळ पडल्याची मला शंका आली.

मुलगी घोडीचं डोकं छातीशी धरून उभी होती. साहेब येऊन दुसऱ्या बाजूला उभे राहिले. तेवढ्यात राइडचे मुख्य संयोजक आले. हे एक वयस्कर सरदारजी. आजूबाजूची शेतं त्यांचीच. दिलदार माणूस. आत आल्या आल्या म्हणाले, "डॉक्टर साहिबा, जो लगता है लगाओ. खर्चे की फ़िकर नहीं. कमिटी देगी."

बोलले ते चांगल्याच मनानं, पण विषय निघाला तो तिथून. त्यांच्यामागून कमिटीतलाच एक जण आला होता, तो त्यांना हळू आवाजात सांगायला लागला की असं बोलू नका, नियमात मालक लिहिलंय. कमिटीनं पैसे दिले म्हणजे राइडमध्ये काही चूक झाली असं कबूल केल्यासारखं होईल. उद्या प्रत्येक जण मागेल.

मुलीनं ते ऐकलं. "कमिटी क्यों देगी? मैं बैठी थी इसपे. मैं दूँगी."

"कुणीही काही द्यायचं नाही," साहेब म्हणाले. एकदम मोठ्यानं, मराठीत. सरदारजी दचकले. "माझ्या बायकोची घोडी आहे. हिचा खर्च दुसऱ्या कुणी का करायचा?"

"काका, पर मैंने ही तो ज़िद की थी."

"तू गप्प बस."

मग सरदारजी समजूत घालायला लागले, साहेब हिंदीत त्यांना सांगायला लागले, कमिटीवाला सगळ्यांना नियम सांगायला लागला. हे सगळं घोडीच्या पाठीवरून चाललेलं. हे इकडे, ते तिकडे, मधे ती. प्रत्येकाला पैसे स्वतःच द्यायचे होते, नाहीतर का द्यायचे नाहीत ते तरी सांगायचं होतं. कुणीही वाईट नव्हतं. मी सलाइनची बाटली बदलत होते. शेवटी म्हटलं, "हे बाहेर जाऊन बोला. कृपा करा. बाहेर जा."

साहेब, सरदारजी आणि तो कमिटीवाला बाहेर गेले. पण तंबूचं कापड ते केवढं. शब्द न् शब्द आत येत होता.

आत आम्ही दोघीच होतो आणि घोडी. इंजेक्शनचा असर होता तेवढा वेळ ती शांत उभी होती, मान खाली. मी पुन्हा पोटाला नळी लावली. पुन्हा काही नाही. आणि त्याच वेळी बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली. त्याच कंपनीची असणार. घोडीनं मान उचलली. कान पुढं केले. अंगात एवढी कळ असताना तिनं तंबूच्या दाराकडे पाहिलं आणि तो घशातला आवाज काढला.

मुलीनंही दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्हा दोघींना माहीत होतं तिथं कुणी नाही, तरी आम्ही पाहिलं. स्कूटरचा आवाज लांब गेला, पण घोडीचे कान बराच वेळ तसेच होते.

थोड्या वेळानं ती पाय आपटायला लागली. अंगाला घाम सुटला. इंजेक्शन उतरायच्या आतच दुखणं वर आलं होतं. मी साहेबांना आत बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. इथं माझ्या हातात आता फार काही नाही. ऑपरेशनची सोय असलेलं मोठं रुग्णालय दुसऱ्या शहरात आहे. ट्रकमध्ये एवढा रस्ता हिला उभं राहावं लागेल. वाटेत आडवी पडली तर तिथंच संपेल. पोहोचली तर ऑपरेशन. त्यातून काही घोडे उठतात. हिचं वय, नाडी, हिरड्यांचा रंग बघता आशा थोडी आहे.

"थोडी म्हणजे?"

"थोडी म्हणजे नाहीच, असं मला म्हणता येणार नाही."

"काका, ले चलते हैं," मुलगी म्हणाली. "ट्रक खड़ा है. पैसे मैं दूँगी, मेरी पापा से बात हो गई है."

"पैशाचा प्रश्न नाही गं."

"तो फिर प्रश्न क्या है?"

साहेब घोडीकडे बघत होते. ती मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, जणू तिथं कुणी काही करतंय आणि ते तिला कळत नाहीय. साहेबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "डॉक्टर, हिला आता आणखी दुखू देऊ नका."

मुलीनं लगाम सोडला. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मैं दे रही थी ना, काका."

तंबूच्या मागं मोहरीच्या शेताला लागून पडीक जागा होती. तिथं आम्ही घोडीला नेलं. साहेब शेवटपर्यंत तिच्या डोक्याशी होते. मुलगी तंबूतच थांबली. माझं काम मी नीट केलं. घोडी खाली बसल्यासारखी गेली. राइड चालूच होती. टेकडीवरून बाकीचे घोडे येताना दिसत होते.

दुपारी सरदारजींनी गावातला जेसीबी बोलावला. खड्डा खणला, घोडीला त्यात ठेवलं, माती लोटली. जेसीबीवाल्याला त्यांनीच बाजूला नेऊन काय ते दिलं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. सकाळपासून एवढे वाद झाले, पण हा खर्च कुणाचा, हा प्रश्न कुणाच्याही तोंडी आला नाही.

त्यानंतर आठवडाभरानं साहेब माझ्या दवाखान्यात आले. बाकावर दोन कुत्र्यांच्या मधे बसून राहिले. मी रिकामी झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, एक विचारायचं होतं. तिथं पैशाचा विषय निघालाच नसता, तर मी हेच म्हणालो असतो का?"

"हेच म्हणाला असतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

ते सांगत राहिले. "पैशाचा प्रश्न नाही, असं मी म्हटलं. पण त्याआधी तंबूबाहेर मी सगळा वेळ पैशाबद्दलच बोलत होतो. तुम्ही आत हाक मारलीत, मी आत आलो, तिच्याकडे पाहिलं आणि ठरवलं. डोक्यात अजून ते भांडण चालू होतं. मग मी ठरवलं ते कशाचं? तिच्या दुखण्याचं, की त्या भांडणाचं? हिशोब सुटला एकदाचा, असं कुठंतरी आत वाटलं का मला? मला खरंच आठवत नाही हो."

मी चहा मागवला. चहा हातात धरून ते म्हणाले, "हिच्या, म्हणजे तुमच्या वहिनींच्या आजारात मला एकदाही कुणी विचारलं नाही, पैसे कोण भरणार म्हणून. फौजेचं सगळं होतं. ऑपरेशन करायचं की नाही, हे तिच्याशी बोललो तेव्हा मी फक्त तिच्याकडे बघत होतो. दुसरं काही मनात नव्हतं. केवढी मोठी गोष्ट होती ती, मला आता कळतंय."

साहेब त्यानंतर अधूनमधून येत राहिले. प्रत्येक वेळी कधीतरी तो प्रश्न यायचाच. कधी सरळ, कधी आडून. मुलगी त्यांच्याशी बोलत नव्हती. तिनं तबेला सोडला होता. सेक्टर सतराच्या बाजारात ती मला एकदा दिसली. मैत्रिणींबरोबर होती. मला बघून तिनं मान खाली घातली आणि एका दुकानात शिरली.

आणि माझं म्हणाल तर, माझ्या कानांना काहीतरी झालं होतं. एखाद्या धडधाकट लॅब्राडोरच्या पोटाला नळी लावली, की त्याच्या पोटातला गडगडाट ऐकू येईपर्यंतचा एक क्षण मला भीती वाटायची. आत काहीच नसेल तर? ती शांतता मला ओळखीची झाली होती. घरी भांडी घासताना नळ बंद केला की ती यायची. उन्हाळ्याच्या आधी मी स्कूटर विकून टाकली. नवऱ्यानं विचारलं, "चांगली चालत होती की, का विकलीस?" मी म्हटलं, जुनी झाली होती.

उन्हाळ्यात कमिटीची बैठक झाली, सेक्टर सतरामध्ये, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. विषय हाच, की राइडमध्ये आजारी पडलेल्या घोड्याच्या उपचाराचा खर्च कोणी करायचा. मी माझं म्हणणं मांडलं. मैदानावरच्या उपचाराचे पैसे कुणाकडूनही वेगळे घेऊ नयेत. प्रवेश फी थोडी वाढवा, सगळ्यांकडून सारखी घ्या, त्यातून करा. तंबूत पैशाचा शब्द निघता कामा नये.

लगेच विरोध झाला आणि तोही काही अगदीच खोटा नव्हता. एक चांगला, सांभाळून घोडा चालवणारा स्वार म्हणाला, "मी माझ्या घोड्याला वर्षानुवर्षं तुमच्या तंबूत आणलेलं नाही. जो वेडा होऊन पळवतो, त्याच्या घोड्याच्या सलाइनचे पैसे मी का भरायचे? पैसे आपल्याला द्यायचे नाहीत म्हटल्यावर तो आणखी पळवेल." कुणी म्हणालं, छोट्या राइडना हे परवडणार नाही, बंद पडतील. कुणी विमा सुचवला. दुसऱ्यानं सांगितलं की त्यांच्या भागातल्या राइडमध्ये बिल लागू नये म्हणून लंगडणारा घोडा लोक ट्रकमागं लपवतात आणि तसाच घरी नेतात. हे मीही पाहिलं होतं.

साहेब मागच्या रांगेत होते. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. हात वर करून उभे राहिले. हिंदीत बोलले, अगदी थोडं. म्हणाले, "माझ्या घोडीच्या वेळी पैसे द्यायला तीन माणसं तयार होती. पैशाअभावी ती गेली नाही. पण आम्ही सगळे पैशाबद्दल बोलत होतो आणि ती मधे उभी होती. तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा. फक्त ते आधी ठरवा. घोडा समोर असताना ठरवायची वेळ कुणावर आणू नका."

बोलून ते बसले. त्या सांभाळून चालवणाऱ्या स्वारानं मान खाली घालून पेनाचं टोपण काढलं, लावलं. ठरलं ते असं, की मैदानावरचे उपचार सगळ्यांच्या फीमधून होतील. घोडा रुग्णालयात न्यावा लागला तर पुढचा खर्च मालकाचा, आणि मालक स्वार नसेल तर दोघांनी राइडच्या आधीच आपसात काय ते लिहून द्यायचं. पुरतं नव्हतं, पण पूर्वीपेक्षा बरं होतं.

खाली उतरताना जिन्यात ती मुलगी उभी होती. बैठकीची बातमी तिला कुणाकडून कळली होती कोण जाणे. वर यायचा धीर झाला नव्हता. साहेब अजून वरच सरदारजींशी बोलत होते. तिनं मला कोपऱ्यात ओढलं.

"मावशी, सच बताना. चान्स था?"

"होता," मी म्हटलं. "थोडा होता."

"तो मैं ग़लत नहीं थी."

"नाही. तू चुकली नव्हतीस."

"और काका?"

"तेही चुकले नव्हते. रस्त्यात ट्रकमध्ये ती पडली असती तर तुझ्यासमोर पडली असती. त्यांना ते दिसत होतं, तुला दिसत नव्हतं. पण ती पोहोचलीही असती कदाचित. हे आता कुणालाच कळणार नाही, बाळा. मलासुद्धा नाही."

तिनं ओढणीनं नाक पुसलं. वरून पावलं वाजली, तशी ती झपझप खाली उतरून गेली.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाज जरा गोंधळलेला होता. "डॉक्टर, ती आली होती आज."

"काय म्हणाली?"

"काही नाही. टीव्हीवर मॅच चालू होती. बसली. मी चहा केला, तिनं खारी आणली होती. मॅच बघितली. कप तिनंच विसळून ठेवले." मग म्हणाले, "घोडीचं कुणीच काढलं नाही. ना तिनं, ना मी. जाताना म्हणाली, रविवारी पुढची मॅच आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ये. येईल का हो ती?"

मला माहीत नव्हतं. "येईल," मी म्हटलं.

ती गेली त्या रविवारी. त्यानंतरही जाते, नेमानं नाही, पण जाते. साहेबांनी तिला वहिनींच्या हातचं पिठलं कसं व्हायचं ते करून दाखवायला घेतलं म्हणे, आणि ते दोघांनाही जमलं नाही. तिथं आणखी काय बोलणं होतं ते मी दोघांनाही विचारत नाही.